विद्युत रोध, शक्ती आणि ग्रामीण वीजपुरवठा

२०१४ साली दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजना आणि २०१७ साली सौभाग्य योजना सुरू झाल्यानंतर देशातील वीजजोडण्यांची संख्या झपाट्याने वाढली. मात्र वीज घरापर्यंत पोहोचणे आणि ती योग्य दाबाने मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा फरक समजण्यासाठी विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि शक्ती यांचा परस्परसंबंध जाणून घेणे आवश्यक आहे.

मूलभूत सूत्रे

जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार, तापमानासह वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना त्यातील विद्युतधारा विभवांतराच्या सम प्रमाणात असते. यावरून :

रोध (ओहम) = विभवांतर (व्होल्ट) ÷ विद्युतधारा (अँपिअर)
शक्ती (वॅट) = विभवांतर × विद्युतधारा

समजा, २३० व्होल्टवर चालणाऱ्या विजेच्या शेगडीतून ५ अँपिअर धारा वाहते. तिचा रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम आणि शक्ती २३० × ५ = १,१५० वॅट होईल. ही शेगडी एक तास चालल्यास १.१५ युनिट वीज खर्च होते. कारण एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.

दाब कमी झाल्यास

वाहिनीच्या टोकाच्या गावात दाब १८४ व्होल्टपर्यंत घसरला असे मानू. शेगडीचा रोध जवळजवळ तोच राहतो. म्हणून धारा १८४ ÷ ४६ = ४ अँपिअर आणि शक्ती १८४ × ४ = ७३६ वॅट होते. दाब २० टक्क्यांनी घटला, पण शक्ती ३६ टक्क्यांनी घटली. कारण रोध स्थिर असता शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

कृषिपंपाच्या मोटारीला मात्र हे गणित लागू पडत नाही. पाणी उपसण्याचा भार कायम असल्याने कमी दाबावर मोटार अधिक धारा खेचते. वेटोळ्यातील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि मोटार जळण्याचा धोका निर्माण होतो. त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला ऐन हंगामात सोसावा लागतो.

वहनातील हानी

तारेतील हानी = धारा × धारा × तारेचा रोध. समजा, २ ओहम रोधाच्या वाहिनीतून १,१०,००० वॅट वीज पाठवायची आहे. १,१०० व्होल्टला धारा १०० अँपिअर व हानी २०,००० वॅट होईल. ११,००० व्होल्टला धारा १० अँपिअर व हानी केवळ २०० वॅट होईल. दाब दहापट केल्यास हानी शंभरपटीने घटते. म्हणूनच देशात दूर अंतरावरील पारेषणासाठी ४०० व ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या वापरल्या जातात.

येथे विद्यार्थ्यांनी एक दक्षता घ्यावी. विभवांतराचा वर्ग भागिले रोध या सूत्राने हानी काढताना वाहिनीचा ११,००० व्होल्ट दाब घालणे चुकीचे ठरते. तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर, म्हणजे १० × २ = २० व्होल्ट, हीच योग्य किंमत होय. २० × २० ÷ २ = २०० वॅट हे उत्तर वरील उत्तराशी जुळते.

सारांश, गावाजवळपर्यंत उच्च दाबाची वाहिनी नेणे, रोहित्र ग्राहकाच्या निकट बसवणे आणि जाड तारा वापरून रोध घटवणे, या उपायांमागे हीच साधी सूत्रे आहेत. जोडणीबरोबर पुरवठ्याची गुणवत्ता सुधारली, तरच ग्रामीण विद्युतीकरणाचे उद्दिष्ट खऱ्या अर्थाने साध्य होईल.