मतं वाढली, तरी जागा घटल्या! ब्रिटनची २०१७ ची मुदतपूर्व निवडणूक



दहावीच्या राज्यशास्त्रात ‘निवडणूक प्रक्रिया’ शिकवताना मी फळ्यावर दोन आकडे लिहिते. ब्रिटनच्या हुजूर पक्षाला २०१५ साली सुमारे ३७ टक्के मतं मिळाली, २०१७ साली सुमारे ४२ टक्के. मग विचारते, जागा वाढल्या असतील की कमी झाल्या? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “वाढल्या!” प्रत्यक्षात त्या ३३० वरून ३१७ वर आल्या आणि बहुमत गेलं. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, तुमचं गणित चुकलंय.” ते चुकलेलं नाही हे दाखवायला पूर्ण तास गेला. त्या तासात मी काय केलं ते इथे देत आहे. आठवीला ‘संसदीय शासन पद्धती’ शिकवणाऱ्यांनाही ते वापरता येईल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. सरकार पडलं आणि नव्याने कौल घ्यावा लागला तर मी त्याला मध्यावधी निवडणूक म्हणते. सरकार धडधाकट असताना सत्ताधाऱ्यांनी स्वतःहून, सोयीची वेळ बघून निवडणूक लावली तर ती मुदतपूर्व. वर्तमानपत्रं हे शब्द कसेही वापरतात, पण वर्गात हा फरक ठेवला की मुलांना पुढचं सोपं जातं.

आता पार्श्वभूमी. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, ५२ विरुद्ध ४८ टक्के. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनामा दिला आणि जुलैत थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. त्यांच्याकडचं बहुमत कॅमेरून यांच्या काळातलं आणि जेमतेम होतं. २०२० पर्यंत निवडणूक घेणार नाही असं त्या वारंवार सांगत होत्या. पण जनमत चाचण्यांत त्यांचा पक्ष मजूर पक्षाच्या जवळपास २० टक्क्यांनी पुढे दिसत होता. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर तर त्यांच्याच खासदारांनी वर्षभरापूर्वी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला होता. अशी संधी कोण सोडेल? १८ एप्रिल २०१७ ला मे यांनी निवडणुकीची घोषणा केली. त्या वेळच्या कायद्यानुसार सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागत होती. दुसऱ्याच दिवशी ५२२ विरुद्ध १३ मतांनी ती मिळाली. आपल्याकडे अशी अट नाही. अनुच्छेद ८५ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने लोकसभा विसर्जित करतात.

प्रचार फसला. ‘खंबीर आणि स्थिर’ नेतृत्व ही मे यांची घोषणा होती. पण जाहीरनाम्यात वृद्धांच्या घरच्या देखभालीचा खर्च त्यांच्या राहत्या घराच्या किमतीतून वसूल करण्याची तरतूद निघाली. लोकांनी त्याला ‘स्मृतिभ्रंश कर’ असं नाव ठेवलं. चारच दिवसांत मे यांनी त्यात बदल केला आणि वर ‘काहीही बदललेलं नाही’ असंही म्हणाल्या! स्थिरतेच्या नावावर मतं मागणाऱ्याला हे महागात पडणारच. कॉर्बिन यांच्यासमोर टीव्हीवरच्या वादविवादालाही त्या गेल्या नाहीत, गृहमंत्र्यांना पाठवलं.

८ जूनला मतदान झालं. हुजूर ३१७, मजूर २६२. एकूण जागा ६५०, म्हणजे बहुमताला ३२६ हव्यात. त्रिशंकू संसद!

आता ‘बाईंचं चुकलेलं गणित’. फळ्यावर तीन मतदारसंघ काढा, प्रत्येकी १०० मतदार. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक ठिकाणी ‘क’ पक्षाला ४०, ‘ख’ला ३५, ‘ग’ला २५ मतं. तिन्ही जागा ‘क’च्या, एकूण मतं १२०. दुसऱ्या निवडणुकीत ‘ग’ जवळजवळ संपला, त्याला सगळीकडे पाचच मतं. पहिल्या दोन मतदारसंघांत ‘क’ला ४५ आणि ‘ख’ला ५०, तिसऱ्यात ‘क’ला ६२ आणि ‘ख’ला ३३. आता ‘क’ची बेरीज मुलांनाच करू द्या. १५२ मतं, म्हणजे आधीपेक्षा ३२ जास्त आणि ‘ख’पेक्षाही जास्त, पण जागा एक! हे करताना वर्गात जो गलका होतो तो होऊ द्यावा.

ब्रिटनमध्ये ‘ग’च्या जागी मुख्यतः युकिप हा पक्ष होता. त्याची मतं साडेबारा टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या खाली घसरली. ती सगळी आपल्याकडे येतील असा हुजूर पक्षाचा हिशेब होता. बरीच आली, सगळी नाही. शिवाय तरुण मतदार मजूर पक्षाकडे वळले आणि त्या पक्षाची मतं साडेनऊ टक्क्यांनी वाढली. लंडनमधला केन्सिंग्टन हा श्रीमंतांचा मतदारसंघ हुजूर पक्षाने २० मतांनी गमावला. (“माझ्या एका मताने काय होतंय?” म्हणणाऱ्या पालकांसाठी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.)

बहुतेक शिक्षक निकालापाशी थांबतात. माझ्या मते धड्याचा खरा गाभा त्यानंतर सुरू होतो.

मे पंतप्रधान राहिल्या, पण त्यांना उत्तर आयर्लंडमधल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीच्या, म्हणजे डीयूपीच्या, दहा खासदारांचा पाठिंबा घ्यावा लागला. हा पाठिंबा आपल्या भाषेत ‘बाहेरून’. मंत्रिपद नाही, पण विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पाला साथ. बदल्यात उत्तर आयर्लंडसाठी एक अब्ज पौंड जादा निधी, तेव्हाच्या दराने आठ हजार कोटी रुपयांच्या आसपास. मे यांच्या दोन प्रमुख सल्लागारांना निकालानंतर लगेच पायउतार व्हावं लागलं.

पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. ब्रेक्झिटमधला सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे आयर्लंडची सीमा. दक्षिणेकडचं आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघात राहणार, उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर पडणार. मग मध्ये तपासणी नाकी उभारायची का? १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या लोकांना उघड्या सीमेची सवय झालेली. नाकी नकोत, तर उत्तर आयर्लंडला वेगळे नियम लावावे लागतील. आणि डीयूपीला नेमकं तेच मान्य नव्हतं, कारण ब्रिटनपासून तसूभरही वेगळं न पडणं हाच त्या पक्षाचा पाया. म्हणजे ज्या प्रश्नावर मे यांना सर्वांत जास्त मोकळीक हवी होती, त्याच प्रश्नावर अडून बसणाऱ्या पक्षाच्या हातात सरकारची दोरी गेली.

४ डिसेंबर २०१७ चा प्रसंग मुलांना जरूर सांगा. ब्रुसेल्समध्ये मे युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांबरोबर जेवत होत्या, सीमेबद्दलचा मसुदा तयार होता. डीयूपीच्या नेत्या आर्लिन फॉस्टर यांनी बेलफास्टमधून विरोध जाहीर केला. मे यांना जेवण सोडून त्यांच्याशी फोनवर बोलावं लागलं आणि त्या दिवशी समझोता झाला नाही. तो चार दिवसांनी झाला. त्यानंतर आठवडाही झाला नाही तोच, १३ डिसेंबरला, संसदेत सरकार ३०९ विरुद्ध ३०५ असं हरलं. अंतिम करारावर संसदेचं मतदान घ्यावंच लागेल, असा त्या दुरुस्तीचा अर्थ होता. हुजूर पक्षाच्याच ११ खासदारांनी विरोधात मत दिलं होतं. ८०-१०० चं बहुमत असतं तर या अकरांना कुणी विचारलंही नसतं.

आणि ते मतदान झालं तेव्हा, १५ जानेवारी २०१९ ला, मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशीचा अविश्वास ठराव मात्र ३२५ विरुद्ध ३०६ असा पडला, कारण डीयूपी सरकारच्या बाजूने उभी राहिली. मुलं इथे हमखास गोंधळतात: काल विरोध, आज पाठिंबा? बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाला हे दोन्ही करता येतं, हे या दोन दिवसांतून छान समजतं. मार्चमध्ये करार आणखी दोनदा फेटाळला गेला आणि जुलै २०१९ मध्ये मे यांच्या जागी बोरिस जॉन्सन आले. त्यांनीही डिसेंबरात मुदतपूर्व निवडणूकच घेतली आणि ३६५ जागा मिळवल्या. मे यांचा डाव मुळातच चुकीचा होता की प्रचार चुकला, यावर वर्गात दोन गट पाडता येतात.

गृहपाठाला मी मुलांना घरी आजी-आजोबांशी बोलायला सांगते, कारण आपल्या महाराष्ट्रातही हे घडलेलं आहे. १९९९ साली काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. फुटीचा फायदा मिळेल या हिशेबाने युती सरकारने विधानसभेची निवडणूक सुमारे सहा महिने आधी, लोकसभेबरोबर घेतली. शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६ जागा मिळाल्या, २८८ च्या सभागृहात. काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८. एकमेकांविरुद्ध लढलेले हे दोन्ही पक्ष निकालानंतर एकत्र आले आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. मुलांनी आणायची उत्तरं दोन: तेव्हा घरच्यांना निकालाचं आश्चर्य वाटलं होतं का, आणि १२५ जागांची युती सत्तेबाहेर कशी राहिली.