कथील : धातू आणि अधातू यांच्या सीमेवर

इ. स. १८६७-६८ च्या हिवाळ्यात रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे थंडी इतकी कडक पडली की, कोठारात रचून ठेवलेल्या कथलाच्या लाद्यांचा भुगा झाला. रसायनशास्त्रज्ञ फ्रित्शे यांनी हा प्रकार नोंदविला. कथील गंजले नव्हते. ती करडी भुकटीही कथीलच होती. बदलला होता तो अणूंना परस्परांशी जोडणारा बंध.

कथलाच्या अणूच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. नेहमीच्या पांढऱ्या कथलात (कल्हईचे कथील ते हेच) हे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत. ती सर्व अणूंची सामाईक मिळकत होते आणि ते स्फटिकभर संचार करतात. म्हणूनच त्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो व त्याला चकाकी येते. ठोकले असता अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण बंध तुटत नाही. कारण तो ठराविक दिशेस बांधलेला नसतो.

सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली मात्र याच अणूंना दुसरी रचना अधिक मानवते. तीत प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्यांनी, चार ठराविक दिशांना जखडला जातो. हिऱ्यातील कार्बनची रचना हीच होय. ती विरळ असल्याने घनता ७.३ वरून ५.८ वर उतरते, आकारमान सुमारे चतुर्थांशाने फुगते आणि ठिसूळ झालेले कथील विस्कटते. १३ अंशांजवळ हा पालट अतिमंद असतो. कडाक्याच्या थंडीत तो वेग घेतो. १८१२ च्या रशियन मोहिमेत नेपोलियनच्या सैनिकांची बटणे अशीच गळाल्याची कथा सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही.

रचना एकच असूनही हिरा विद्युत्‌रोधक का? कार्बनचा अणू लहान, त्यामुळे बंध आखूड व बळकट. त्यातून इलेक्ट्रॉन सोडविण्यास सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये ती १.१, जर्मेनियममध्ये ०.७ इतकीच. थोड्या उष्णतेनेही यांतील काही इलेक्ट्रॉन सुटतात व तापमानाबरोबर संवाहकता वाढत जाते. धातूंत ती घटते. सिलिकॉन व जर्मेनियम यांना धातुसदृश म्हणतात ते यामुळेच. करड्या कथलात ही ऊर्जा जवळजवळ शून्यावर येते. त्याच गटातील शिसे ही रचना घेतच नाही. कितीही थंडी पडली तरी ते धातूच राहते.