कुर्बान आणि पाण्याचा पेला

शास्त्रवाचन : मार्क ७:९-१३, उत्पत्ती ९:२०-२३, योहान २१:१८



ह्या महिन्याचा पाठ आम्ही आमच्या आईच्या खाटेशेजारी बसून लिहीत आहोत. बडोदे शहरात मांडवीजवळ घडियाळी पोळेत आमचे बिऱ्हाड आहे. खाली दुकाने, वर आम्ही, आणि मधला जिना इतका उभा की चढताना दोर धरावा लागतो. आईचे वय ८१. चार वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ती हा जिना आपल्या पायांनी उतरलेली नाही. जन्मभर जी बाई उपासनेला कधी उशिरा आली नाही, तिचे मंदिर आता एका खिडकीएवढे झाले आहे.

पहिली दोन वर्षे तिची सेवा आमच्या पत्नीने केली आणि आम्ही उपदेश केले. हे लिहिणे सोपे नाही, पण ते टाळून पुढचा पाठ लिहिता येणार नाही. एका शनिवारी संध्याकाळी आम्ही पाचव्या आज्ञेवरील उपदेश तयार करीत होतो. पत्नी बाजारात गेली होती. आतून आईने पाणी मागितले. “आणतो हं,” असे म्हणून आम्ही लिहीत राहिलो. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. तिसरी हाक आली नाही. पत्नी परत आली तेव्हा आई झोपली होती व तिचे ओठ सुकले होते. पत्नीने आमच्या हातातील कागदाकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता ती पेला भरायला गेली.

मार्कच्या सातव्या अध्यायातील उतारा आम्ही पदविकेच्या परीक्षेसाठी अभ्यासला होता, त्यावर गुणही बरे मिळाले होते. आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे एकदा जाहीर केले की आईबापांसाठी त्यातून काही करण्याचे बंधन उरत नाही, अशी ती पळवाट होती. प्रभू येथे दारुड्यांना किंवा चोरांना दोष देत नाही, हे लक्षात घ्यावे. तो धर्मशील माणसांना बोलतो. आजच्या मंडळीत कुर्बान केवळ पैशाचे होते असे नाही. कमिटीची सभा, गायनमंडळाचा सराव, शब्बाथ शाळेची तयारी, आणि आमच्यासारख्यांचा उपदेश, ह्या साऱ्यांच्या नावाने आपण वेळ कुर्बान करतो व घरातले म्हातारे माणूस हाक मारीत राहते. इब्री भाषेत आज्ञेतील ‘मान देणे’ ह्या शब्दाचे मूळ ‘जड असणे’ असे आहे. आईला खाटेवरून उचलून बसवताना हा अर्थ आमच्या पाठीला समजला!

२००७ साली आपल्या देशात आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहासाठी कायदा झाला. त्याप्रमाणे उपेक्षित आईबापांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते व मुलांना दरमहा रक्कम देण्याचा हुकूम होऊ शकतो. कायदा हवाच होता. परंतु रात्री दोन वाजता उठून कूस बदलून देण्याचा हुकूम कोणते न्यायाधिकरण काढणार?

त्या शनिवारनंतर आम्ही सेवेचा निम्मा भाग उचलला. शिकायला पुष्कळ होते. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर टाचा, माकडहाड, खुबा येथे जखमा होतात. भरवताना पाठीला आधार देऊन बसवावे, घास लहान असावा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. हे सारे हातांना लवकर जमले. जमेना ते अंग पुसणे. मुलाने आपल्याला स्वच्छ करावे हे आईला सहन होईना. ती डोळे घट्ट मिटून घेई.

तेव्हा नोहाच्या मुलांची गोष्ट उपयोगी पडली. शब्बाथ शाळेचे शिक्षक ती बहुधा गाळतात, कारण मुले द्राक्षारसाबद्दल नको ते प्रश्न विचारतात. पण शेम व याफेथ काय करतात ते पाहा. वस्त्र खांद्यावर घेऊन ते पाठमोरे चालत जातात आणि बापाला झाकतात. त्याला झाकायचे, पण त्याच्याकडे पाहायचे नाही, एवढ्यासाठी त्यांनी केवढी कसरत केली! आम्हीही चादर अंगावर ठेवूनच अंग पुसू लागलो. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा. हात लावण्यापूर्वी सांगायचे, “आई, आता पाय घेतो.” काही दिवसांनी तिचे डोळे उघडे राहू लागले. एकदा म्हणाली, “लहानपणी अंघोळीला तू किती पळवायचास मला!” आम्ही दोघेही हसलो. सेवेतील पहिला आनंद आम्हांला त्या सकाळी मिळाला. तोवर केवळ कर्तव्य होते.

म्हातारपणी दुसरा कोणी तुला वस्त्र नेसवील, असे प्रभू पेत्राला सांगतो. पुढच्याच वचनाप्रमाणे हे त्याच्या मरणाविषयी आहे हे खरे. पण चित्र घेतले आहे ते म्हाताऱ्या माणसाचे. ज्याने तरवार उपसली त्याला दुसऱ्याच्या हातून कपडे घालून घ्यायचे होते. सेवा करण्यापेक्षा सेवा घेणे कठीण आहे. म्हणून घेणाऱ्याच्या हाती काही काम राहू द्यावे. आई पडल्यापडल्या मटार सोलते, मेथी निवडते. निम्मे देठ भाजीत येतात, येऊ द्यावेत. मंडळीतील आजारी व अडचणीतील लोकांची नावे चिठ्ठीवर लिहून आम्ही तिच्या उशाखाली ठेवतो. संध्याकाळी नात ती वाचते आणि आई एकेकासाठी प्रार्थना करते. दुपारी काय जेवली ते तिला आठवत नाही, आम्हांला कधीकधी ती आपल्या मृत भावाच्या नावाने हाक मारते. पण ‘उपासना संगीत’ उघडून गीत सुरू केले की दुसरे कडवे तीच आधी धरते. स्मृती विझत असतानाही जुनी गाणी पुष्कळ दिवस टिकतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत वडिलांच्या अखेरच्या दिवसांविषयी लिहिले आहे. दुष्काळ, उपासमार, घरदार नाही, आणि अनंतशास्त्री वृद्ध व आंधळे. त्यांच्यापाशी देण्याजोगे काही उरले नव्हते. तरी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले, सन्मार्गाने चालण्यास सांगितले व तिला देवाच्या हाती सोपवले. ख्रिस्ती झाल्यानंतर आणि केडगावचे मुक्ती उभे राहिल्यानंतरही तो स्पर्श व ते शब्द रमाबाई विसरल्या नव्हत्या.

आमचे घर पवित्र जनांचे आहे असे कोणी समजू नये. आम्ही आईवर ओरडलो आहोत. पत्नीची कंबर गेली आहे. मंगळवारी शेजारच्या गुजराती काकी दोन तास येऊन बसतात, म्हणून ती स्त्रियांच्या सभेस जाऊ शकते. काकी ख्रिस्ती नाहीत. मंडळीचे लोक येतात, गीत गातात, प्रार्थना करतात, चहा घेतात व जातात. तो चहा पत्नीलाच करावा लागतो! शिक्षकांना विनंती अशी की, ह्या पाठानंतर वरच्या वर्गातील मुलामुलींना दोघादोघांनी अशा घरी तासभर बसायला पाठवावे. गीत म्हटले नाही तरी चालेल. त्या तासात घरच्या सुनेला झोप मिळाली पाहिजे.

आता उपदेशाचे कागद आम्ही आईच्या खाटेवरच मांडतो. पेला हाताशी असतो. परवा तिने विचारले, “किती वेळ बोलणार आहेस?”

“वीस मिनिटे.”

“पंधरा कर,” ती म्हणाली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.