अफूच्या व्यसनावरील औषध आणि मनाचा आजार

पाठासाठीं वाचावें: २ राजे २०:१–७, १ राजे १९:१–८

हिज्कीया राजा मरणाच्या पंथास लागला असतां त्यानें भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, व देवानें ती ऐकली. येथपर्यंतची गोष्ट आमच्या शब्बाथशाळेंतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु त्यानंतर यशयानें अंजिरें आणवून तीं राजाच्या गळवावर बांधविलीं, हें सांगावयास पुष्कळ शिक्षक विसरतात. प्रार्थना तर ऐकली गेली होती. तरी औषध लावावें लागलें, आणि तें लावणें अविश्वासाचें लक्षण आहे असें त्या संदेष्ट्यास वाटलें नाहीं. आजच्या पाठांत आम्ही ही गोष्ट अशा एका आजारास लावून पाहणार आहों, कीं ज्याचें नांव काढतांच घरोघर आवाज खालीं येतो.

अफूचें व्यसन आपल्याकडे नवें नाहीं. रडतें मूल निजावें म्हणून त्यास अफूची बाळगोळी देण्याची चाल एके काळीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्तींतही होती. आतां हेंच व्यसन ब्राऊन शुगरच्या पुडींतून, खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधांतून व दुखणें थांबविणाऱ्या गोळ्यांतून येतें. त्यांपैकीं ट्रॅमाडोल ही गोळी सरकारनें २०१८ मध्यें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणली. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनें देशांत ह्या जातीचीं द्रव्यें घेणाऱ्यांची संख्या सुमारें २ कोटी २६ लक्ष सांगितली, व ज्या प्रांतांत अशा पीडितांचा भरणा मोठा आहे त्यांत महाराष्ट्राचें नांव घातलें. तेव्हां हें पंजाबचें दुखणें आहे, आपल्या वाडीचें नव्हे, असें कोणीं म्हणूं नये.

ह्या व्यसनावर औषध आहे. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन हीं तीं दोन मुख्य औषधें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ मध्यें त्यांस आवश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. आपल्या देशांत ब्युप्रेनॉर्फिनचा वापर अधिक आहे. ही गोळी गिळावयाची नसते, जिभेखालीं ठेवून विरघळूं द्यावयाची असते. मेंदूंत ज्या जागीं अफू जाऊन बसते त्याच जागीं हें औषध बसतें, परंतु अर्ध्याच जोरानें काम करितें. म्हणून तल्लफ शमते, अंग मोडून येत नाहीं, आणि तरीही ठराविक मात्रेंत घेणाऱ्यास धुंदी चढत नाहीं. तो शेतावर जाऊं शकतो, हिशेब ठेवूं शकतो, मुलांस जवळ घेऊं शकतो.

येथें हरकत निघते: हें तर एक व्यसन सोडून दुसरें धरणें झालें! हरकत घेणारे वाईट लोक नसतात, म्हणून तिचें उत्तर नीट दिलें पाहिजे. औषधावांचून शरीरास चैन पडत नाहीं, एवढ्यानेंच तें व्यसन ठरत नाहीं. मधुमेहाच्या पुष्कळ रोग्यांस रोज सुई टोंचून घ्यावी लागते. व्यसन त्यास म्हणावें, जें माणसाकडून चोरी करवितें, खोटें बोलवितें, घरांतलीं भांडीं विकवितें, आणि एवढें होऊनही सुटत नाहीं. जें औषध हें सर्व थांबवितें त्यास व्यसन म्हणणें म्हणजे शब्दांचा घोटाळा करणें होय. आणि ह्या घोटाळ्यानें जीव जातात. अनेक देशांतील रोग्यांची माहिती एकत्र करून २०१७ मध्यें जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत मेथाडोन घेत असलेल्या दर हजार जणांमागें वर्षाला सुमारें ११ मृत्यु आढळले, व तें सोडलेल्यांत सुमारें ३६. ह्याचें एक मोठें कारण असें, कीं औषध सुटल्यावर शरीराची जुनी संवय मोडते, आणि मग पूर्वीचीच मात्रा घेतली असतां श्वास बंद पडतो.

ज्यांस व्यसनाबरोबर मनाचाही आजार आहे त्यांची गोष्ट अधिक बिकट आहे, आणि असे लोक थोडे नाहींत. कोणास आधीं खिन्नतेचा आजार असतो व तो दडपण्यासाठीं ते अफूकडे वळतात. कोणास व्यसनानंतर तो जडतो. अशांच्या मनांत औषधाविषयीं जें येतें तें आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलें आहे. एक म्हणतो, "डोक्याच्या गोळ्या आधींच घेतों, आणखी एक कशास? लोक मला पुरता वेडा म्हणतील." दुसरी म्हणते, "गोळी घेतली तर मी सुटलें असें माझें मलाच वाटत नाहीं." तिसऱ्यास वाटतें कीं आपण इतके खालीं गेलों आहों कीं आपल्यावर औषध फुकट घालवूं नये. हें तिसरें बोलणें नम्रतेचें दिसतें, पण ती नम्रता नव्हे. तो आजारच त्याच्या तोंडून बोलत असतो.

शिवाय एक गोष्ट अशी आहे, कीं ती डॉक्टरांनीं आधीं समजावून न सांगितल्यास रोग्याचा विश्वास पहिल्याच दिवशीं उडतो. ब्युप्रेनॉर्फिन सुरू करण्यापूर्वीं नशा तुटल्याचीं लक्षणें दिसूं लागेपर्यंत थांबावें लागतें. अंगांत हेरॉईन असतांनाच गोळी घेतली तर ती त्यास त्याच्या जागेवरून हुसकते, आणि रोगी एकदम तळमळूं लागतो. घाम, उलट्या, घाबरें होणें, झोंप न येणें हें सर्व आलें म्हणजे ज्याचें मन आधींच दुबळें आहे तो सहजच म्हणतो, "औषधानें माझें वेड वाढलें." वेड वाढलेलें नसतें, वेळ चुकलेली असते.

खऱ्या भीतीची जागाही दाखविली पाहिजे. झोंपेच्या व घाबरेपणाच्या कांहीं गोळ्या, जशा अल्प्राझोलम व डायझेपाम, आणि दारू, ह्यांच्या जोडीनें हें औषध घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. म्हणून दोन डॉक्टर असल्यास दोघांसही दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्या. परंतु ह्या भीतीनें व्यसनावरील औषध नाकारूं नये, असें अमेरिकेच्या औषध खात्यानेंही २०१७ मध्यें डॉक्टरांस कळविलें. काळजीनें मात्रा ठरवावी आणि रोग्याकडे लक्ष ठेवावें. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व अमली द्रव्यांपासून होणाऱ्या मनाच्या विकारांसही मानसिक आजारांत गणलें आहे. मग व्यसन वेगळें, वेड वेगळें, असें म्हणून रोग्यास ह्या दारावरून त्या दारावर कां पाठवावें?

मंडळीनें काय करावें हें एलीयाच्या गोष्टींत पाहावें. तो रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागत होता. देवदूतानें त्यास त्या वेळीं उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हा उठवून खावयास घातलें. बोलणें पुढें, होरेबावर झालें. आमच्या कित्येक सभांत मात्र ह्याच्या उलट चालतें: कोणी उभा राहून "मीं सर्व गोळ्या टाकल्या" अशी साक्ष देतो, आणि आनंदाचा गजर होतो. त्याच बाकावर ज्याच्या खिशांत चिठ्ठी आहे असा दुसरा कोणी बसलेला असतो, आणि तो त्या रात्रीं काय करितो हें कोणी विचारीत नाहीं. अशी साक्ष घेण्यापूर्वीं पाळकानें त्या माणसाशीं एकांतांत बोलावें, हें आमचें स्पष्ट मत आहे.

नागालँड व मणिपूर येथें ख्रिस्ती मंडळ्या मोठ्या आहेत, आणि हेरॉईनचा व सुईवाटे पसरणाऱ्या एड्सचा घाला तेथें फार जबर पडला. नशा करणाऱ्यास त्याच जातीचें औषध द्यावें काय, हा प्रश्न तेथेंही निघाला. तरी ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथें ब्युप्रेनॉर्फिन देण्याचीं जीं केंद्रें चाललीं, त्यांच्या कामांत इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ह्या मिशन दवाखान्यांच्या संघाचा हात होता. प्रार्थना करणाऱ्यांनींच औषध वाटलें.

आतां घरच्यांसाठीं थोडें. गोळ्या कुलपांत ठेवाव्या, कारण लहान मुलानें एक गिळली तरी त्याच्या जिवास धोका आहे. औषध किती महिने किंवा वर्षें घ्यावयाचें हें डॉक्टर व रोगी मिळून ठरवितील. सासऱ्यांनीं, सेक्रेटरींनीं किंवा पाळकांनीं नव्हे. कोठें जावें हें न कळल्यास व्यसनासाठीं १४४४६ व मनाच्या आजारासाठीं १४४१६ ह्या सरकारी क्रमांकांवर फुकट विचारतां येतें. आणि लग्नासाठीं अथवा नाताळासाठीं परगांवीं जावयाचें असेल तर आठवडाभर आधीं केंद्रावर जाऊन, त्या दिवसांच्या मात्रेची सोय काय होईल हें विचारून ठेवावें. ती विचारावयास रोग्यास एकट्यास न पाठवितां मंडळींतील कोणी वडीलधाऱ्यानें बरोबर जावें.