बोलका इतिहास

मुलांनो, इतिहास म्हटला की ग्रंथ, बखरी आणि ताम्रपट तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु इतिहास कानांनीही जाणता येतो. नभोवाणीवरील माहितीपर रूपकात नट नसतात. ज्यांनी ती घटना प्रत्यक्ष भोगली, त्यांच्याच मुखाने ती आपणांस ऐकावयास मिळते.

१९४७ साली भारताची फाळणी झाली. सरहद्द आखण्यासाठी सर सिरिल रॅडक्लिफ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, आणि सरहद्द जाहीर झाली ती १७ ऑगस्टला! एक कोटीहून अधिक माणसे निर्वासित झाली. लाखो प्राणांस मुकली. एवढे कागदपत्रांतून कळते. पण 'चार दिवसांत परतू' अशा समजुतीने घराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला खोचून निघालेल्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे कागद कसे सांगणार?

फाळणीची झळ सोसलेली पुष्कळ कुटुंबे पुढे पोटासाठी इंग्लंडला गेली. मागचे दुःख त्यांनी मुलांपाशीही उच्चारले नाही. फाळणीला सत्तर वर्षे झाली तेव्हा, २०१७ साली, कविता पुरी यांनी बी.बी.सी.साठी 'पार्टिशन व्हॉइसेस' ही मालिका तयार केली. तीत हिंदू, मुसलमान, शीख असे सारे बोलले. क्रौर्याच्या आठवणी निघाल्या, तशा परधर्मीयांनी दाखवलेल्या माणुसकीच्याही निघाल्या. 'आपण मूळचे कोठले?' हे इंग्लंडात जन्मलेल्या मुला-नातवंडांना तेव्हा उमगू लागले.

माणसाची स्मृती कधी कधी दगा देते; म्हणून ऐकलेली हकिगत दप्तराशी ताडून पाहावी लागते. तरीही बोलता बोलता दाटून येणारा कंठ, मध्येच पडणारी स्तब्धता, हीसुद्धा साक्षच होय. ती कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

असे साक्षीदार आपल्या महाराष्ट्रातही आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधमधील निर्वासितांनी नव्याने संसार मांडले. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. फाळणीच्या वेळी तुमच्याएवढा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. ग्रंथ उद्याही वाचता येईल. त्याला मात्र आजच विचारावयास हवे.

स्वाध्याय
१. माहितीपर रूपक नाटकाहून वेगळे कसे?
२. ऐकलेली हकिगत दप्तराशी का ताडून पाहावी?
३. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या बालपणीची एक घटना विचारा व ती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.