वर्ग हलता हवा, वाट मोकळी हवी

बालमित्रांनो, आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो,

आजचा पाठ आपल्या पुस्तकात नाही. तो आपल्या शाळेच्या दारांत, भिंतींत आणि ओसरीत आहे. रोज आपण त्याच्यातून ये-जा करतो, पण तो कधी वाचत नाही. तो आज वाचू या.

मागच्या महिन्यात आमच्या सातवीच्या वर्गात गावाचा नकाशा करायचा होता. एरवी आमची बाकं रांगेत असतात. त्या दिवशी गुरुजी म्हणाले, "बाकं सरकवा, पाच गट करा." आम्ही बाकं जोडून मोठी टेबलं केली. कपाट मध्ये येत होतं, ते ढकलून मागच्या दाराला लावलं. नाहीतरी त्या दाराला कायम कुलूपच असायचं. मग काय, वर्गाला रंगच चढला! जो मुलगा कधी तोंड उघडत नाही, तोही ओढा कुठे वळतो ते सांगायला लागला. कारण त्याचं शेतच ओढ्याकाठी आहे.

तेवढ्यात गुरुजींनी अचानक घंटा वाजवली आणि म्हणाले, "वर्गात धूर झालाय असं समजा. सगळे बाहेर!" आम्ही ३४ जण एकदम एका दाराकडे धावलो. दार वाऱ्याने लोटलेलं होतं आणि ते आतल्या बाजूला उघडतं. पुढचे दाराला भिडले, मागचे त्यांना रेटू लागले. मग दार उघडणार कसं? गुरुजी घड्याळ घेऊन बाहेर उभे होते. शेवटचं मूल बाहेर यायला २ मिनिटे ४० सेकंद लागली. ते शेवटचं मूल म्हणजे कुबड्या घेऊन चालणारी आमची मैत्रीण. जोडलेल्या बाकांमधून तिची कुबडी जातच नव्हती. धूर खरा असता तर? त्या वेळी कोणीच काही बोललं नाही.

ही गोष्ट गावात गेली. एक काका म्हणाले, "बाकं जमिनीला ठोकून टाका, भानगड मिटली." हा उपाय बरोबर की चूक, हे ठरवण्यासाठी आम्ही हा अभ्यास केला. जगातली माहिती गुरुजींनी सांगितली, शाळेची मापं आम्ही घेतली.

१. भिंतीवाचून शाळा

शाळा म्हणजे चार भिंती, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी कोसबाडला (हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे, पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं) आदिवासी मुलांसाठी काम केलं. तिथली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली! तिला नाव पडलं कुरणशाळा. गुरं राखता राखता शिकायचं.

यातून काय कळतं? शिकायला मुलाला हलायला, बघायला, हाताळायला मिळालं पाहिजे. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. कुरणात डोक्यावर पडेल असं काही नसतं आणि पळायला चारी दिशा मोकळ्या असतात. पण आपल्याला पावसात आणि उन्हातही शिकायचं आहे, म्हणून छप्पर लागतं. छप्पर आलं की भिंती आल्या, भिंती आल्या की दारं आली. आणि त्यांच्याबरोबर जबाबदारीही आली.

२. किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. भूकंप माणसाला थेट मारत नाही, पडणारी भिंत आणि छप्पर मारतं. तिथली घरं जाडजूड दगड-मातीची होती आणि वर मातीचं जड माळवद होतं. भिंत जाड म्हणून मजबूत दिसायची. पण तिचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. मध्ये नुसती माती आणि दगडगोटे. धक्का बसला की भिंत उभी फाकायची आणि वरचा सगळा भार खाली यायचा.

यावर उपाय काय? भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालायचे. दार-खिडक्यांच्या डोक्यावरून चारी भिंतींना सळई आणि काँक्रीटचा सलग पट्टा फिरवायचा. लहान बाळाच्या कमरेला करदोटा असतो ना, तसा हा भिंतींचा करदोटा. त्याने चारी भिंती एकमेकींना धरून राहतात.

आम्हाला वाटायचं, सहावी आणि सातवीच्या मधली भिंत पाडली तर केवढा मोठा वर्ग होईल! पण गुरुजी म्हणाले, "आडवी भिंत लांब भिंतीला आधार देते. इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिची वीटसुद्धा काढायची नाही." मोठा वर्ग हवा असेल तर तो बांधतानाच तसा बांधावा आणि मध्ये घडीचं लाकडी पार्टिशन ठेवावं. मागाहून पहार घेऊन मोठा करू नये.

३. कुंभकोणमचा धडा

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम गावी एका शाळेला आग लागली. मुलांच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून ती वर शाकारलेल्या छपराला लागली आणि वर्गांवर पसरली. जिना अरुंद होता. ९४ मुलं गेली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. म्हणजे सुरक्षित शाळा मागणं हा हट्ट नाही, तो आपला हक्क आहे.

हे ऐकून आम्ही आमच्या स्वयंपाकघराकडे गेलो. सरपणाची मोळी कुठे होती माहीत आहे? पहिलीच्या वर्गाच्या दाराशेजारी, ओसरीवर! पावसात भिजू नये म्हणून ठेवलेली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आग मनातलं बघत नाही.

४. एका शहराजवळच्या दोन शाळा

अमेरिकेत शिकागो नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या शेजारी विनेटका या गावात १९४० साली क्रो आयलंड नावाची शाळा बांधली. त्या काळी बऱ्याच शाळांत बाकं जमिनीला स्क्रूने पक्की केलेली असत. इथे मुलांना हलवता येईल असं सामान दिलं. प्रत्येक वर्गाला दोन बाजूंनी उजेड आणि प्रत्येक वर्गाचं स्वतःचं दार थेट अंगणात उघडणारं. ते दार का केलं? मुलांना बाहेर जाऊन झाडं, पाखरं बघता यावीत म्हणून. पण संकट आलं तर तेच दार सुटकेचंही.

त्याच शिकागोत १ डिसेंबर १९५८ रोजी अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेला आग लागली. जिन्याच्या तळाशी पेटली आणि धूर उघड्या जिन्यातून वर चढला. वरच्या मजल्यावरच्या मुलांना बाहेर जायला तोच धुराने भरलेला बोळ होता. खिडक्या जमिनीपासून फार उंच होत्या. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या. पुढे अमेरिकेत शाळांच्या इमारतींचे नियम कडक झाले.

आता या दोन शाळा मनात शेजारी शेजारी ठेवा. ज्या दाराने मुलांना मोकळेपणाने शिकता येतं, त्याच दाराने त्यांना सुखरूप बाहेरही पडता येतं. म्हणजे मोकळं शिक्षण आणि सुरक्षितता या एकमेकींच्या वैरिणी नाहीत, बहिणी आहेत. भांडण लागतं ते आपण वाटेत कपाट ठेवतो तेव्हा.

५. मग ठोकायचं काय आणि हलवायचं काय?

काकांच्या सूचनेला आमचं उत्तर असं: ठोकायला पाहिजे, पण बाकं नव्हे.

हलावं ते: बाकं, सतरंज्या, फिरता फळा, तक्ते. यांच्या जागा धड्याप्रमाणे रोज बदलोत.

हलू नये ते: उंच कपाट. ते पट्टीने भिंतीला ठोकावं, नाहीतर भूकंपात अंगावर पडेल. आडव्या भिंती जिथल्या तिथे राहाव्यात.

कधीच अडू नये ती: वाट. आम्ही वर्गात दारापर्यंत १ मीटर रुंद पट्टा चुन्याने आखला. बाकं कशीही मांडा, पट्ट्यावर काही येता कामा नये. दप्तरसुद्धा नाही.

आमच्या मैत्रिणीला आम्ही म्हणालो, "तू दाराजवळ बसत जा, म्हणजे लवकर बाहेर पडशील." ती म्हणाली, "मला कायम दाराशी बसवू नका. मला पण गटात बसायचंय. वाट रुंद ठेवा, मी येते बरोबर." आम्हाला ते पटलं. पट्टा १ मीटरचा झाला तो तिच्या कुबड्या मोजून.

ओसरीचंही असंच. १९८७ पासून खडू-फळा मोहीम आली, तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन बऱ्या मोठ्या खोल्या आणि ओसरी असावी असं ठरलं. ओसरी हा तिसरा वर्गच. तिथे जरूर बसावं, पण भिंतीकडेने. दारासमोरची जागा आणि पायऱ्या मोकळ्या सोडाव्यात.

६. आम्ही काय केलं, तुम्ही काय कराल?

मागच्या दाराचं कुलूप चोरीच्या भीतीने लावलं होतं. आता ते रात्रीच लागतं. सकाळी शाळा भरली की वर्गाचा मंत्री आधी ते काढतो, मग हजेरी होते. कपाट बाजूला केलं. सरपण लांब नेलं. मग पुन्हा घंटा झाली. बाकं तशीच गटात होती. यावेळी दोन्ही दारांनी, न धावता, न ढकलता आम्ही ५५ सेकंदांत बाहेर आलो. गटही राहिले आणि वाटही राहिली.

पण काही कामं आमच्या हातची नाहीत. म्हणून पालकांना विनंती:

(१) पुढचं दार बाहेर उघडेल असं फिरवून द्यावं. बिजागऱ्या आणि चौकटीचं काम आहे, सुतार लागेल.
(२) कपाट भिंतीला पट्टीने पक्कं करून द्यावं.
(३) निदान एका खिडकीचे गज आतून उघडतील असे करावेत.
(४) सरपणाला स्वयंपाकघरामागे पत्र्याचं छप्पर करून द्यावं.
(५) रस्त्याकडचं फाटक लावलेलं असू दे, पण दिवसा कडीच असावी. कुलपाची किल्ली गावात आणि मुलं आत, असं होऊ नये.

सगळ्यांनी पाठ करा

आगीत आधी बाहेर, आणि धूर असेल तर वाकून चालत. भूकंपात हादरे चालू असताना बाकाखाली डोकं झाकून बसा, थांबले की बाहेर. बाहेर आल्यावर गुरुजी हजेरी घेईपर्यंत कोणी घरी पळू नये. नाहीतर आपल्याला शोधायला दुसरा कोणी आत जाईल!

स्वाध्याय

१. तुमच्या वर्गाला दारं किती? त्यातली रोज उघडतात किती?
२. तुमच्या जागेपासून अंगणापर्यंत किती पावलं? मध्ये काय काय आडवं येतं?
३. घरी दाराच्या आड काय ठेवलेलं आहे? आजच बघा.

पालकांनो, जाता जाता एक. हे भित्तिपत्रक ओसरीवर लावलंय. तुम्ही उभे आहात तीच आमची बाहेर पडायची वाट आहे. वाचून झालं असेल तर कृपया थोडं बाजूला सरका!

— इयत्ता सातवीचे विद्यार्थी