बिनतारी पहारेकरी

दाराच्या फळीवर छोटा चुंबक व चौकटीवर चुंबकाने चालणारा स्विच बसवतात. दार उघडताच चुंबक दूर जातो आणि स्विचला जोडलेला प्रेषक रेडिओलहरींनी संदेश पाठवतो. ग्राहक यंत्र तो टिपून भोंगा वाजवते. भिंती फोडून तारा टाकाव्या लागत नाहीत, हा मोठा फायदा.

आता तोटा पाहा. तारेच्या बंद मंडलात चोराने तार कापली, तर प्रवाह थांबतो आणि भोंगा वाजतो. बिनतारी प्रेषक मात्र बॅटरी संपली की गप्प, आणि दार बंद असले तरी गप्पच! त्याच वारंवारतेच्या प्रबळ लहरीही त्याचा संदेश बुडवू शकतात. म्हणून चांगल्या यंत्रणेतील प्रेषक ठरावीक वेळाने ‘मी जागा आहे’ असे कळवतो. ही हाक चुकली की ग्राहक यंत्र इशारा देते.